फाटकावरची पाटी

ब्रिस्बेनच्या बसमध्ये मर्लला मागच्या सीटवरून तिच्या शेजारणीचा, डोरीनचा, आवाज आला. तिला द्यायला मर्लनं केकचा डबा उघडला, पण मागे वळण्याआधीच तिच्या कानावर पुढचं बोलणं पडलं.

“लॉन उखडून देशी रानफुलं लावलीस, त्यांचं काय गं झालं?” डोरीनची मैत्रीण विचारत होती.

“रानटर्की आला. अख्खी बाग उकरून अंड्यांसाठी पालापाचोळ्याचा ढीग रचला मेल्या पक्ष्यानं!”

“मग हाकल की!”

“कायद्यानं हात लावता येत नाही. पालिकावाले म्हणाले, तुमच्याच फाटकावर पाटी आहे ना, ‘वन्यजीवांचं स्वागत’?”

“काढलीस का पाटी?”

“काढली आणि शेजारणीच्या फाटकाला लावली.”

“आणि टर्की?”

“तो मेला निरक्षर, हलायचं नाव नाही. शेजारीण मात्र पालिकेनंच पाटी लावून सन्मान केला असं समजून गावभर केक वाटत सुटलीय!”

मर्लनं डब्याचं झाकण पुन्हा घट्ट लावलं.