शांताक्काची अंघोळ

अगं, आमच्या दोन महिन्यांच्या छकुलीला अंघोळ घालायला गल्लीतली शांताक्का येते. लाड न्हाई, गोड बोलणं न्हाई. मला सारखं वाटायचं, हिची पोरीवर माया तरी हाय का?

परवा ती आली न्हाई. आमचे हे म्हणाले, "मी घालतो की, माझीच लेक हाय." शिरोलीच्या कारखान्यात लेथ मशीनवर लोखंड कातणारा माणूस, पण तेलानं बुळबुळीत झालेली पोर हातातून सटकली. मी झेलली म्हणून वाचली.

दुसऱ्या दिवशी आक्कानं पोरीला पायावर पालथं घातलं, तर ती गप पडून राहिली. न राहवून मी विचारलं, "आक्का, तुमची माया हाय न्हवं हिच्यावर?"

"माया तुम्ही दोघं करा की," ती म्हणाली, "पाणी मी घालते."