काट्याचं अपडेट अन् कैलासची हळद

...अन् वरतून ते मशीन म्हणते 'कृपया प्रतीक्षा करा'! आता सकाळपासून आम्ही दुसरं काय करून राह्यलो होतो जी? तुमाले सांगतो, ती अपडेटची हिरवी पट्टी सासुरवाडीतल्या जावयावानी ठाण मांडून बसलती, हलाचं नावच नाई. बाहेर आर्वी रोडपर्यंत कापसाच्या ट्राल्या, आभाळ भरून आलेलं, अन् कापूस भिजला की आमचे जिनिंगवाले ओला म्हणून वापस पाठवते. अन् मी, वजनकाट्यावरचा बाबू, पट्टीकडे पाहत. राग येतच होता, पण मले खाज वेगळीच... हे आतमंधी करून काय राह्यलं?

पहिली ट्राली रोहण्याच्या रूपरावची. घडीघडी खिडकीत डोकं घालत, अन् विचारत का बाबू, काटा चालू करतं का मी कापूस घरी नेऊन गाद्या भरू? काट्याच्या कंपनीले फोन लावला. तिकडून बाई एकदम मधाळ, "सर, आपलं इंटरनेट स्लो असेल." इंटरनेट तपासलं, मस्त. "सर, अँटीव्हायरस बंद करून पाहा." बंद केलं. पट्टी तिथंच! आमच्या कैलासनं, गठाणी बांधाच्या प्रेसवर असते तो, मशीनले अगरबत्तीही ओवाळली. पण आतमंधी करून काय राह्यलं, हे कोणालेच नाई माहीत!

तर पट्टीच्या खाली बारीक अक्षरात 'तपशील' लिहिलं होतं. आजवर कोणी दाबलं नाई, म्या दाबलं. धडाधड फायलींची नावं पळाले लागली, काट्याची, पावतीची, अन् मग एक नाव जे थांबलं ते थांबलंच... 'कैलास हळद भाग दोन'. आता काटा कापूस मोजते, त्याले हळद काऊन पाहिजे?

बाईले विचारलं. ते म्हणे, अपडेट नवीन टाकाच्या आधी जुनं फोल्डर पुरं कॉपी करून ठेवते, सेफ्टीसाठी. तवा उजेड पडला! आमच्याकडे दरसाली कॉम्प्युटर पुसून साफ करते, फक्त काट्याच्या फोल्डरले कोणी हात लावत नाई. म्हणून अख्ख्या जिनिंगनं जपून ठेवाचं ते सारं तिथंच कोंबलं. बारसे, भागवत सप्ताह, अन् कैलासच्या लगनाचा पुरा व्हिडिओ!

अपडेट बंद केलं, लगन उचलून बाहेर ठेवलं, पुन्हा चालवलं. पट्टी सुसाट! तेवढ्या वेळात म्हटलं, बरोबर तेच उचललं का, पाहावं. लावलं. खिडकीतून रूपराव पाहून राह्यले होते, कैलास त्यायचाच पुतण्या. मांडवात एक हिरव्या लुगड्याची बाई हसत हसत नवरदेवाच्या कानात हळद कोंबून राह्यलती. रूपरावचं डोकं खिडकीतून आणखी आत आलं. देवकाबाई. त्यायची बायको, गेल्या साली वारली. घरी तिचा एक फोटो, तोही आधार कार्डावरचा.

अन् नेमकी तवाच पट्टी भरली. मशीन विचारते, 'आता रीस्टार्ट करायचं का?' 'हो' म्हटलं का व्हिडिओ बंद. म्या माउस धरला.

"थांब बाबू," रूपराव बोलले. "हसून राह्यली नं ते."

तुमीच सांगा, कोणत्या हातानं 'हो' दाबू? लगन मोठं, देवकाबाई प्रत्येक पंगतीत वाढाले. मागं भोंग्यावर भोंगे, लोकं बोंबलून राह्यले, काय चालू हाय आतमंधी? म्या काही बोलाच्या आत रूपरावच डोळे पुसत मागं वळले, अन् साऱ्या लाइनले ठणकावून सांगितलं,

"अपडेट चालू हाय! जरा दम धरा नं."