रोलरचा वळसा

मी अजून बिनलग्नाचा का, विचारतोस ना भिया? रोलरमुळे.

काकांना राऊ गावातल्या आपल्या बंगल्यापर्यंत मुरमाचा लांबलचक रस्ता करायचा होता. गाडीवान म्हणाला, "साहब, नीचे काली मिट्टी है. बैलांचा दगडी रोलरच बरा."

काका संस्थानातले जुने ऑफिसर. भडकले, "मी काय खळं करतोय? वाफेचा रोलर आणा!"

आला, आणि अर्ध्या वाटेत रुतून बसला. शेवटी बैलांच्याच रोलरने त्याला वळसा घालून रस्ता झाला. दिवाळीनंतर ते धूड निघालं, वळसा राहिला.

मग मला सांगून आलेल्या मुलीचे वडील, मिलमधले हेडक्लार्क, बंगल्यावर आले. त्यांनी सहज विचारलं, "मधेच हा वळसा कशाला?"

काका मिशीला पीळ देत म्हणाले, "सरळ रस्ते कारकुनांच्या घरी जातात."