‘सिंधुसम्राट’च्या ताडपत्रीची दोरी कुठे बांधली होती

जबाब देणार : सुलेखा निशिकांत देवस्थळी, वय ५१ वर्षे, व्यवसाय बँकेत नोकरी (रॅफल्स प्लेस), राहणार बिशान, सिंगापूर. दिनांक १३ जानेवारी २०२६, सकाळी १०.२०.

मी आज पोलीस स्टेशनात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते ते असे. मी वरील पत्त्यावर पती निशिकांत आणि मुलगी क्षिप्रा यांच्यासह राहते. मला इंग्रजी येतं. तरी जबाब मराठीत देते, कारण त्या दिवशीचं बरंचसं बोलणं मराठीत झालं आणि मी त्याचं इंग्रजी केलं तर ते होतं त्यापेक्षा शहाणं वाटेल.

माझे पती जुरोंग आयलंडवर एका कारखान्यात सुरक्षा व्यवस्थापक आहेत. ते आणि त्यांचे मित्र विक्रांत व प्रबोध अशा तिघांनी दोन वर्षांपूर्वी एक जुनी शिडाची बोट घेतली. बोटीचं नाव ‘सिंधुसम्राट’. लांबी बावीस फूट. आजवरचा सर्वांत लांबचा प्रवास समोरच्या बेटापर्यंत आणि तिथून दुसऱ्याच्या बोटीला बांधून परत.

डिसेंबर-जानेवारीत इथे ईशान्येचा पाऊस-वारा असतो, म्हणून बोट यार्डात जमिनीवर ठेवायचं ठरलं. त्यासाठी चार बैठका झाल्या. प्रबोधने ‘हिवाळ्यात बोट कशी ठेवावी’ अशी कॅनडातल्या कुणीतरी लिहिलेली चोवीस पानं छापून आणली. बर्फ साचू नये म्हणून ताडपत्री उंच आणि उतरती बांधा, असं त्यात होतं. बाहेर एकतीस डिग्री होतं. ठराव एकमताने मंजूर झाला.

दिनांक २३ नोव्हेंबर, रविवारी सकाळी अकराच्या सुमारास आम्ही यार्डात गेलो. बोट तळावर उभी होती आणि ती कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंना तीन-तीन लोखंडी टेकू लावलेले होते. ते यार्डातला कामगार मुनियांडी याने लावले होते. तो तिथे नऊ वर्षं हेच काम करतो.

तिघांनी बोटीवर बांबूचा मांडव उभारला आणि वर ताडपत्री टाकली. हे तिघे आमच्या गणेशोत्सवाचा मांडव बावीस वर्षं घालतात. मांडवाची दोरी जवळच्या खांबाला ताणून बांधायची, एवढं त्यांना पक्कं ठाऊक आहे. इथे खांब नव्हते. टेकू होते.

मुनियांडी आला आणि इंग्रजीत म्हणाला, “सर, टेकूला दोरी नको. वारा ताडपत्री उचलेल, ताडपत्री टेकू ओढेल. दोरी बोटीच्या पोटाखालून पलीकडे न्या.” पती मला मराठीत म्हणाले, “ऐकलंस? हा मला सेफ्टी शिकवतोय.” विक्रांत म्हणाला, “जाऊ दे रे निशा, त्याला काय माहीत आपला मांडव. भर पावसात हलला नाही कधी.” तो मांडव सभागृहाच्या आत असतो. त्यानंतर पतींनी मुनियांडीला इंग्रजीत सांगितलं की त्यांच्या हाताखाली चारशे माणसं आहेत. मुनियांडी “ओके सर” म्हणून गेला.

मी त्या वेळी डब्यातली थालीपीठं वाटत होते. मुनियांडीचं म्हणणं मला समजलं होतं. मी पुढचं थालीपीठ विक्रांतला दिलं.

दिनांक ८ जानेवारी, गुरुवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास जोराचा वारा सुटला. ताडपत्री फुगली, उजवीकडचे दोन टेकू निघाले आणि बोट कलंडून तिची कूस फुटली. मुनियांडी शेजारच्या बोटीचा तळ घासत होता. तो बाजूला झाला म्हणून वाचला. हे मला यार्डाच्या ऑफिसने फोनवर कळवलं, कारण पती मीटिंगमध्ये होते. विषय सुरक्षा सप्ताह.

दुसऱ्या दिवशी पतींनी तक्रार दिली की मुनियांडीने नोव्हेंबरातला राग मनात धरून टेकू मुद्दाम काढले. मजकूर आदल्या संध्याकाळी जेवताना ठरला. क्षिप्रा म्हणाली, “पपा, दॅट अंकल ऑलरेडी टोल्ड यू, लाह.” तिला तिच्या खोलीत जायला सांगण्यात आलं. मी विचारलं, “त्या माणसाचं काय होईल?” पती म्हणाले, “काही होत नाही गं त्यांचं. गावी जाईल, दुसरीकडे लागेल.” साक्षीदार म्हणून माझं नाव मला न विचारता घातलं आहे. “तू फक्त आठवत नाही म्हण,” असं ते काल म्हणाले. आज सकाळी पुन्हा म्हणाले.

मला आठवतं. दोरी बांधून झाल्यावर तिघांनी मला फोटो काढायला लावला. फोटोत तिघे हसताहेत आणि पतींच्या हातातली दोरी उजव्या बाजूच्या मधल्या टेकूला बांधलेली दिसते. तो फोटो मी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. ८ जानेवारीला संध्याकाळी ग्रुपच्या ॲडमिनने, म्हणजे प्रबोधने, तो काढून टाकला. मूळ फोटो माझ्या फोनमध्ये होता, तो मी आज जमा करते.

यार्डाच्या मालकाने मुनियांडीला कामावरून काढलं असून त्याचं शनिवारचं चेन्नईचं तिकीट काढलं आहे. आज मंगळवार आहे. हा जबाब फाइलला लागायच्या आधी मालकाला फोन व्हावा, एवढी माझी विनंती आहे.

हा जबाब माझ्या पतीच्या तक्रारीविरुद्ध जातो हे मला कळतं का, असं विचारण्यात आलं. कळतं. ते खाली गाडीत थांबले आहेत. मी मेट्रोने जाईन.

दुभाष्या बाईंनी हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. दोरीच्या ठिकाणी त्यांनी माझ्या काळजीपोटी ‘बहुधा’ असा शब्द घातला होता. तो खोडून तिथे मी सही केली आहे. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

(सही) सुलेखा देवस्थळी