फटकळ सासूची चौकशी

आता हे ऐकाच. माझ्या धाकट्या दिनेशला देडतलाईची मुलगी सांगून आली होती. आमच्याकडे मुलीकडचे आधी गुपचूप शेजारी चौकशी करतात. मुलीचा बाप आमच्या गल्लीत आला आणि ओट्यावर बसलेल्या मलाच विचारू लागला, "मावशी, दिनेशची आई फार खाष्ट आहे म्हणे?"

"खाष्ट नाही, फटकळ."

"एकच ना ते?"

"एक कसं, भाऊ? खाष्ट बाई मनात धरून छळते. फटकळ बाईच्या तोंडून फटकन निघतं, म्हणून तर तिला फटकळ म्हणतात. बोलून झालं की पोटात काही राहत नाही. मग तीच जेवायला वाढते."

"तुम्हाला बरं माहीत."

"मीच दिनेशची आई."

बोलून गेले आणि वाटलं, मोडलं पोराचं लग्न माझ्या तोंडानं. तो बापडा पायरीवरच बसला.

"पोरीची आई अशीच होती," तो हळूच म्हणाला. "ती गेल्यापासून पोरीला कोणी रागावलंच नाही. मला जमत नाही हो."

मी म्हटलं, "मग उन्हात काय बसलात? आत या. आणि त्या चपला वाटेत नका काढू."

तो डोळे पुसत हसला आणि त्यानं चपला उचलून बाजूला ठेवल्या.