परक्या हस्ताक्षरातली पत्रे

सत्य सांगावे की सांत्वन जपावे, हा पेच मृतांची पत्रे जमवणाऱ्यास चुकत नाही. टपाल कचेरीच्या बाकावर असा एक संग्राहक एका सैनिकाच्या वृद्ध विधवेने आणलेली नवऱ्याची पत्रे चाळत तिच्याशी बोलत होता.

“आजी, कसं सांगू... माझ्याकडच्या आणखी तिघा सैनिकांच्या पत्रांतही हेच अक्षर आहे.”

“असणारच, बाबा. आमच्या ह्यांना सहीसुद्धा येत नव्हती.”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?”

“अरे, मला ‘प्रिय’ म्हणणारा माणूस होता का तो! तुकडीतला कुणी एक सगळ्यांची पत्रं लिहायचा.”

“मग ही संग्रहाला देता?”

“देते. पण ह्यांच्या नावाखाली त्याचंही नाव घाल.”

“ते कुठं सापडायचं?”

“नाव नाहीच. पत्राच्या शेवटी ‘लिहिणाऱ्याचाही नमस्कार’ एवढंच असतं. तेवढंच घाल.”

त्या अनाम हातास शांती लाभो, आजींसही.