ना दारू होती, ना देवी

मेडशीच्या माह्या मायबाईहो, भाऊहो. मी सिंधू, कुसुमची शेजारीण. काल तिची तेरवी झाली, अन् आज हा माइक माह्या हाती देल्ला. जन्मात कधी माइक धरला नाई, हात कापून राह्यला. कुसुम असती तं हासली असती. मनली असती, "सिंधे, तुह्याही डोक्यात तार टाका लागते आता."

कुसुमचा बाप याच गल्लीतून हालत-डोलत चाले. आपण त्याले काय मनत होतो? दारुडा मनत होतो. त्या माणसानं कधी थेंब घेतला नाई. मंग कुसुम चाळिशीत आली अन् तिचे हात, पाय, मान, सारं आपल्या मनानं हालाले लागलं. तवा आपण काय मनलं? देवी अंगात आली मनलं! बाप हालला तं दारुडा, लेक हालली तं देवी. तिच्या पायापाशी पयला नारळ कोणं फोडला? मी फोडला. ओटी भरली, कुकू लावलं. ती बिचारी सांगे, "सिंधे, हे बिमारी हाये वो. मले डाक्टर पाह्यजे." अन् मले वाटे, देवीच बोलून राह्यली.

पुण्याच्या डाक्टरनं बिमारीचं नाव सांगतलं, हंटिंग्टन. मायबापाकडून लेकराइले येते. गोळ्यांनी हालणं थांबेना, तवा तो मने, डोक्यात बारीक तारा टाकू, छातीत कातडीखाली बॅटरी बसवू. हालणं कमी होईन, पण बिमारी जाणार नाई. अन् या बिमारीत हा इलाज अजून पक्का झाला नाई, हेही त्यानं साफ सांगतलं. साऱ्या घरानं नको मनलं. मी बी मनलं, कायले डोकं चिरून घेतं? तं मने, "मले एक डाव गावासमोर नीट बसाचं हाये. मंग काय व्हाचं ते हो."

अन् बसली वो! शुक्रवारी बाया ओट्या घेऊन आल्या, तं कुसुम अंगणात शांत बसेल. एक जण मने, "देवी गेली वाट्टे." कुसुमनं सोता चहा गाळला, एकेकीच्या हातात कप देल्ला. बशीत थेंब सांडला नाई. मंग मने, "देवी कवाच नोयती. हे पाहा बॅटरी. लावा हात." एकेकीचा हात धरून छातीवर ठेवला. शेवटी माहा. मले रडू आवरेना. ती एवढंच मनली, "माह्या बापाले आता दारुडा मनू नका."

पुढं तिचं बोलणं गेलं, गिळणं गेलं. बिमारी कुठं सोडते? पण तोंड लपवून ती एक दिवस बसली नाई. चौथी शिकेल बाई, पण माह्यासारख्या अडाण्याचे डोये तिनं उघडले. मले तिचा लय अभिमान हाये.

तिचा लहाना भाऊ सुरेश समोर बसला हाये. आज सकाळी तो माह्याकडं आला. मने, "सिंधूबाई, माहे बोटं हालाले लागले. सभेत सांगून टाका. मले कोणं दारुडा मनू नये, अन् नारळही फोडू नये."

सांगतलं, सुरेशभाऊ.

आता कुसुमसाठी सारे दोन मिनिटं उभे राहा. गुपचूप. कोणाचा हात हालला, तं हालू द्या. वळून पाहू नका.